स्क्रीनपुढचा नारळ

नारळ तळहातावर आडवा, शेंडी बोटांकडे, डावा डोळा मिटलेला आणि चेहरा असा, की पृथ्वीच्या पोटातून ह्याला एकट्यालाच फोन आलाय. दोन पावलं चालायचं, थांबायचं, मान तिरकी करायची. मग तो नारळ हळूच उठून उभा राहायचा आणि हा माणूस साऱ्या गावावर उपकार केल्यासारखा म्हणायचा, "खाली हाय."

किती आहे, किती खोल आहे, कसलं आहे, हे विचारायचं नाही. खाली हाय. संपलं.

असा जमिनीतलं पाणी दाखवणारा एखादा पाणाड्या तुम्हीही पाहिला असेल. घर बांधायला काढलं की आधी भटजी, मग हा आणि मग बोअरची गाडी, असा आमच्याकडे क्रम असतो. पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात ह्याला नावाने ओळखणारे थोडे आणि नारळाने ओळखणारे पुष्कळ होते. तेव्हा नाव लिहीत नाही.

मला त्याच्याविषयी आदर नव्हता. आजही फारसा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो गेल्यापासून त्याच्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, त्याच्या हातात अशी विद्या होती की कॉम्प्युटरमधले हिरेसुद्धा त्याने नारळाने शोधून काढले. दुसरी, शेवटी शेवटी ती विद्या त्याला सोडून गेली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. दोन्ही माझ्या टेबलावरून निघाल्या आहेत, म्हणून त्या खोडायचं कामही माझंच आहे.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत होतो. आयुष्यभर पाणी तपासलं. कंपनीला एकदा बोअर मारायची होती आणि आमच्या मॅनेजरने, चांगला शिकलेला माणूस, ह्याला बोलावलं. हा आला. धोतर नाही, टिळा नाही, साधी पँट आणि रबरी चप्पल. नारळ मात्र पिशवीत फडक्यात गुंडाळलेला, एखादं नाजूक उपकरण असावं तसा. सगळ्या आवारात फिरला. मॅनेजर कँटीनच्या मागच्या सावलीत हेल्मेटने वारा घेत उभा होता. नारळ नेमका तिथे उठला.

"खाली हाय."

"किती फुटांवर?" मी विचारलं.

"नारळ फूट मोजत नाय, साहेब."

"पाण्यात क्षार किती असतील?"

"त्ये तुमच्या बाटलीत बघा. बाटली तुमची, नारळ माझा."

कामगार हसले, आणि ह्याला नाही, मला. पाणी लागलं, अर्थातच. कुंडलिकेच्या काठी कुठेही खणलं तरी पाणी लागतं, त्याला नारळ लागत नाही. पण माझं कोण ऐकणार? त्या दिवसापासून कँटीनमध्ये मला 'बाटली' म्हणायला लागले. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा राग किती वर्षं धरायचा? मी निवृत्त होईपर्यंत धरला आणि नंतरही.

निवृत्तीनंतर मी पेणला फ्लॅट घेऊन राहिलो. बायको गेली, मुलगा परदेशात. आणि एक दिवस समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं तर हा बाहेर, बनियनवर, कचऱ्याची बादली घेऊन. मुलीकडे राहायला आला होता. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनेच त्याला धंदा सोडायला लावून इथे आणलं होतं. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

धरमतरच्या खाडीकडच्या एका गावात त्याने बोअर दाखवली होती. नवं घर, अंगणात मांडव, पाहुणे. गाडी आली, पाणी उसळलं, टाळ्या झाल्या. घरच्या बाईने पहिली ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. खारं, मीठ घातल्यासारखं. आणि ह्या माणसाने तिथे उभं राहून काय म्हणावं?

"पानी मागितलंत, पानी दिलं. गोडं पायजे होतं तर आधी बोलायचं."

त्यावर ती बाई म्हणाली, "आं? म्हंजे नारळाला सांगाया लागतं व्हय रे, साखर घालून आन म्हणून?"

हे वाक्य त्याच्या आधी पेणला पोचलं. मुलीला शाळेत लोक विचारायला लागले. तिने वडिलांना घरी आणलं आणि त्या दिवसापासून त्या घरात अख्खा नारळ येणं बंद झालं. ती बाजारातून खोबऱ्याची वाटी आणायची. एखाद्याच्या घरातून दारूच्या बाटल्या काढून टाकतात, तसे तिने नारळ काढून टाकले.

माझ्या घरी नारळ असायचे. एकट्या माणसाला लागतात किती, म्हणून साचायचे. पेपर वाचायच्या निमित्ताने तो सकाळी यायला लागला. पेपर हातात, डोळे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर.

आता गेमचं सांगतो. माझा मुलगा आणि मी रविवारी सकाळी फोनवर बोलायचो. 'जेवलात का', 'तिकडे थंडी कशी आहे' याच्या पुढे आमचं कधीच गेलं नाही. मग एकदा सुट्टीत आला तेव्हा त्याने माझ्या कॉम्प्युटरवर तो ठोकळ्यांचा गेम टाकून दिला. त्यात सगळं जग ठोकळ्यांचं असतं. झाडं तोडायची, घर बांधायचं, जमीन खणायची. वरच्या थरात कोळसा आणि लोखंड, खाली सोनं, आणि अगदी तळाजवळ, लाव्हाच्या शेजारी, हिरे. तो तिकडून, मी इकडून, एकाच जगात. आम्ही आता बोलत नाही, खणतो. पूर्वीपेक्षा बरं चाललंय.

मी प्रयोगशाळेतला माणूस, खणायचीही पद्धत असते. जिना करत करत खाली जायचं. मग दोन ठोकळे उंचीचा सरळ बोगदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फाटे, मध्ये मोजून अंतर सोडून, म्हणजे भिंतीआड लपलेलं काही सुटत नाही. कंटाळवाणं आहे, पण हमखास. पायाखालचा ठोकळा मात्र कधी फोडायचा नाही. हा त्या गेममधला पहिला नियम. सरळ खाली गेलेला माणूस लाव्हात पडतो आणि त्याच्या पाठीवरचं सगळं जळतं.

एका रविवारी हा स्टूल ओढून माझ्या बाजूला बसला. स्टूल टेबलाला आडवं होतं, म्हणजे त्याला स्क्रीन अर्धी दिसायची आणि मी पूर्ण. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"ही काय, विहीर?"

"खाण."

"कशाची?"

"हिऱ्यांची."

"मग सरळ खाली जा की. हे उंदरासारखं आडवं काय चाललंय?"

"सरळ खाली गेलं की माणूस मरतो, बुवा. खाली लाव्हा असतो. आधी कळत नाही."

त्याने डोळा मिटला. "नारळ असून कळत नाय?"

असं म्हणून उठला आणि माझ्याच स्वयंपाकघरातून माझाच नारळ घेऊन आला. हातावर आडवा धरला, स्क्रीनकडे शेंडी केली. मी बोगद्यात पुढे जात होतो. एका जागी नारळ उठला.

"खाली हाय."

मी मुद्दाम खणलं. पायाखालचा ठोकळा फोडला, त्याच्या खालचा फोडला आणि स्क्रीन नारिंगी झाली. आठवडाभर जमवलेलं लोखंड, मशाली, टिकाव, सगळं गेलं. हा पुढे वाकून बघत राहिला.

"लागलं का नाय?"

"काय लागलं?"

"पानी."

"बुवा, हा लाव्हा आहे."

"म्हंजे गरम पानी. उन्हेऱ्याच्या कुंडात नाय का?"

तुम्ही हसाल, मीही आज हसतो. त्या दिवशी हसलो नाही. मला कँटीन आठवलं. म्हटलं, या माणसाला एकदा चारचौघांत उघडा पाडायचा, असा की पुन्हा नारळाकडे बघणार नाही.

त्या गेममध्ये एक सोय आहे. ती चालू केली की खेळणारा देव होतो. हवेत उडतो, हवा तो ठोकळा हवा तिथे ठेवतो. पुढच्या रविवारी तो यायच्या आधी मी बोगद्याच्या भिंतीआड स्वतःच्या हाताने हिरे पुरले. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. तो आला, नारळ घेतला, मी चालत गेलो आणि नेमक्या त्या जागी नारळ उभा! मी भिंत फोडली. निळे चमकते हिरे. ते चित्रण मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर सकाळी फुलं येतात आणि दुपारी पाण्याच्या टाकीवरून भांडणं. मी लिहिलं, 'नारळाने हिरे. संशोधन चालू आहे.'

माझा बेत साधा होता. तीन-चार रविवार असं करायचं, लोकांना जमू द्यायचं, मग एक दिवस हिरे पुरायचेच नाहीत आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "काय बुवा, आज कुठे गेलं?" पण एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. लोक हसलेच नाहीत. त्यांनी हात जोडले. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला जिन्यात गाठून विचारलं, नारळाला काळा दोरा बांधायचा असतो का? मुख्याध्यापकांनी! ज्यांनी पोरांना भूगोल शिकवला त्यांनी!

चित्रण ग्रुपमधून बाहेर पडलं आणि गडब, कासू, नागोठणं करत पुढे गेलं. गडबच्या एका दुकानदाराने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, का तर मी त्या बुवांचा शेजारी. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. मला वाटलं, जितका उंच चढेल तितका जोरात आपटेल. खरं सांगायचं तर त्या जोडलेल्या हातांतले थोडे माझ्याकडेही वळले होते, आणि ते मला बरं वाटत होतं.

आणि हा? हा फुलला. इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. मुलगीसुद्धा विरघळली. एकदा दारात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, बाबांचं जेवण सुधारलंय हो." तिच्या हातातल्या पिशवीत अख्खा नारळ होता.

मग वाडी आली.

नागोठणं आणि रोह्याच्या मध्ये, डोंगराच्या अंगाला एक आदिवासी वाडी आहे. बाया पाणी नदीवरून आणायच्या, चढ चढून. एका मंडळाने त्यांना एक बोअर द्यायचं कबूल केलं होतं. एकच. गाडी एकदा येणार, एका जागी मारणार आणि जाणार. सरकारी भूजल खात्याचा माणूस येऊन जमीन बघून गेला होता. त्याने खूण केली ती ओढ्याच्या वळणावर, घरांपासून लांब. घरांच्या खाली सगळा कातळ आहे, तिथे काही लागायचं नाही, असं त्याने सांगितलं होतं. वाडीला ती खूण पसंत नव्हती. त्यांना पाणी दारात हवं होतं, आणि का नसावं? तर वाडीतली एक वयस्कर बाई थेट आमच्या बिल्डिंगमध्ये आली. जिना चढून दम लागला होता, तरी बसली नाही.

"मोबाईलात बघितलं तुला," ती ह्याला म्हणाली. "हिरा काढतोस तर पानी नाय काढनार? तू घरापाशी दाखव. गाडीवाला बोलला, बुवा दाखवंल तिथं मारतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "येतो."

स्क्रीनवरच्या हिऱ्यांनी कुणाचं काही जात नव्हतं. इथे ह्याने कातळावर बोट ठेवलं असतं तर ती गाडी कोरडी भुकटी उडवून निघून गेली असती आणि त्या बाया पुन्हा नदीच्या चढावर. ठरलेल्या दिवशी तो मला म्हणाला, "चला साहेब, फोटो काढाया." मी गेलो. पेण स्टेशनच्या बाकावर बसलो, रोह्याकडची गाडी यायची होती. तो शेंगा सोलत होता. मी एकदाचं सांगून टाकलं.

"बुवा, ते हिरे मी ठेवले होते."

त्याने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "ठाव हाय."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पैल्यापासून. जागा आली की तुम्ही चष्मा सारखा करता. मग बाटलीच्या फोनला बोट लावता. मग नारळ उठतो."

"म्हणजे तुम्ही लबाडी करत होता!"

"आन तुम्ही काय करत होता?"

मग तो बोलत सुटला, धंद्यातला माणूस निवृत्त झाल्यावर बोलतो तसा. नारळ तो कधी बघतच नव्हता. मालकाचं तोंड बघायचा. घर बांधणाऱ्याच्या मनात बोअरची जागा आधीच ठरलेली असते. मोरीजवळ, नाहीतर विजेच्या खांबापाशी. त्या जागेकडे पाय वळले की मालकाचे डोळे बदलतात. तिथे बोटांनी जरा उचल द्यायची.

"तुमच्या कंपनीत त्यो हेल्मेटवाला सावली सोडून हलत नव्हता," तो म्हणाला. "त्येला तिथंच पायजे होतं."

"आणि पाणी नाही लागलं तर?"

"लागतं बहुतेक. आपल्याकडं पाऊस काय कमी पडतो?"

"आज कसं करणार? तिथे कातळ आहे."

त्याने टरफलं झटकली. "बघू. तोंडं बघू."

इतका निलाजरा माणूस मी पाहिला नव्हता. गाडीत मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

वाडीत सगळी माणसं बाहेर उभी होती. रिकामे हंडे घरांच्या भिंतीला लावून ठेवलेले. त्याने फडकं सोडलं, नारळ हातावर घेतला, डावा डोळा मिटला आणि चालायला लागला. एका दारापुढून दुसऱ्या दारापुढे. मी फोन काढून चित्रण सुरू केलं. सवयच झाली होती.

नारळ उठेना. तो थांबला, वळला, पुन्हा त्याच वाटेने आला. मग त्याने डावा डोळा उघडला. दोन्ही डोळ्यांनी तो माणसांकडे बघत होता, आणि मला कळलं की घोटाळा काय झालाय. त्या बायका आपापल्या अंगणाकडे बघतच नव्हत्या. कुणाला खांब नव्हता, मोरी नव्हती, ठरवलेली जागा नव्हती. पाणी कुठेही निघालं असतं तरी त्यांना चाललं असतं. सगळे डोळे त्याच्यावर. वाचायला काहीच नव्हतं.

तो माझ्याजवळून गेला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी कुठं बघा."

मला ओढ्याकडे बघता आलं असतं. ती खूण मला दिसत होती, चुन्याची पांढरी फुली. नुसती मान वळवायची होती. नारळ तिथे जाऊन उभा राहिला असता, पाणी लागलं असतं, त्याचं नाव राहिलं असतं, वाडीचं काम झालं असतं. पण मी त्या माणसाला उघडा पाडायला कितीतरी वर्षं थांबलो होतो. मी फोनमध्ये बघत राहिलो.

त्याने हात खाली घेतला. "नाय," म्हणाला.

"काय नाय?" ती बाई पुढे आली.

"हितं खाली नाय. त्या सरकारी मानसानं खूण केलीय तिथं मारा."

"लांब पडतंय ते!"

"पडू दे. हितं कातळ हाय."

"मग हिरे कसं दिसलं रं तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्या वाडीने त्याच्या मागोमाग माझ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं, जे मी सकाळी स्टेशनवर बोललो होतो. मी फोन खाली घेतला, चष्मा काढला, पुसला.

त्याने जरा वाट बघितली. मग म्हणाला, "तवा दिसलं. आता विद्या गेली, बाय."

ती बाईच म्हणाली, "गेली तर गेली. नारळ तर हाय ना? फोड. पोरं खातील."

त्याने तिथल्याच दगडावर नारळ फोडला. पाणी ओंजळीत धरून एका पोराला पाजलं, खोबऱ्याचे तुकडे वाटले. मलाही एक दिला. मी खाल्ला.

हा त्याचा थोरपणा होता असं मी म्हणणार नाही. तोंडं वाचता आली असती तर कदाचित त्याने कातळावरही बोट ठेवलं असतं. त्या माणसाचा भरवसा नव्हता. पण एवढं खरं की अडलेल्या लबाडाला कुठेही बोट दाखवता येतं. लागलं तर नारळाचं, नाही लागलं तर नशिबाचं. त्याने दाखवलं नाही. ज्याच्यावर सगळं आयुष्य काढलं ते नाव त्याने तिथे दगडावर ठेवलं. आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो शिकलेला माणूस चष्मा पुसत होता.

त्या संध्याकाळी मी ते चित्रण ग्रुपवर टाकलं. फक्त 'नाय' पर्यंतचं. खाली लिहिलं, 'नारळ नापास.' ह्या वेळी मात्र लोक पोटभर हसले. मुख्याध्यापकही.

पुढे बोअरची गाडी आली आणि खुणेवर मारली. पाणी लागलं, पिण्याजोगं. मी नमुना आणून तपासून घेतला होता. वाडीतल्या बाया आता ओढ्याच्या वळणापर्यंत जातात, नदीपर्यंत नाही. दारात काही आलं नाही.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी आलं नाही. मुलीच्या पिशवीत पुन्हा खोबऱ्याच्या वाट्या दिसायला लागल्या. तो एकदाच आला, एका रविवारी, रिकाम्या हाताने. त्या चित्रणाबद्दल चकार शब्द काढला नाही. स्टुलावर बसला. मी खणत होतो.

"आज काय पुरलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"व्हय. दिसतंय." जरा वेळाने म्हणाला, "थांबा. हितं. खाली हाय."

"कशावरून? नारळही नाही."

"तुमच्या तोंडावर कायच नाय, म्हणून. एवढ्या वर्षांत कोरं तोंड बघितलं नाय. हितं खरंच असंल काय तरी."

मी खणलं नाही. पायाखालचा ठोकळा फोडायचा नाही, हा नियम आहे, असं मी त्याला ऐकवलं. तर म्हणाला, मग पाटी तरी लावा. गेममध्ये लाकडाची पाटी लावता येते, तिच्यावर लिहिता येतं. पीडा टळावी म्हणून मी लावली. त्याने सांगितलं तेच लिहिलं, 'खाली हाय.' तो वाचून उठला आणि गेला. पुढे तो रोह्याला मुलाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला.

तेराव्याला मी गेलो होतो. मुलीने मोबाईल काढून नातेवाइकांना ते पहिलं चित्रण दाखवलं, हिऱ्यांचं. शेवटचं कुणी दाखवलं नाही. मग सगळ्यांदेखत मला म्हणाली, "काका, तुम्ही होतात ना तिथे. खरेच हिरे निघाले होते ना?"

"निघाले होते," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "मग विद्या होती. नंतर गेली."

तर बाई, तुझ्यासाठी लिहितो. विद्या नव्हती. हिरे मी पुरले होते. तुझा बाप आयुष्यभर लोकांची तोंडं वाचत आला आणि त्यावर जेवला. वाडीत त्याची विद्या गेली नाही, जायला ती नव्हतीच. तिथे तो एकदा खरं बोलला, आणि खोट्याचा माझा वाटाही स्वतःच्या अंगावर घेऊन गेला. मी घेऊ दिला. 'नापास' लिहिलं होतं ते चुकीच्या माणसाच्या नावापुढे.

हे लिहून झाल्यावर गेम उघडला. मुलगा तिकडे झोपलेला असणार, जगात मी एकटाच. जुन्या बोगद्यात गेलो. पाटी होती. तिच्यासमोर उभा राहून पायाखालचा ठोकळा फोडला. मग त्याखालचा. दगड, दगड, पुन्हा दगड. हिरा नाही, लाव्हाही नाही. आणि मग एका ठोकळ्यामागून पाणी आलं. निळं, भरपूर, खड्डा भरून वर चढलं आणि बोगद्यात पसरत माझ्या मशाली एकेक करून विझवत गेलं.

यात काही नाही. त्या गेममध्येही जमिनीखाली पाणी असतं, खणत राहिलं की कुठेतरी लागतंच, कुंडलिकेच्या काठासारखं. नारळाचा संबंध नाही.

मी चष्मा सारखा केला आणि स्टुलाकडे बघितलं.